थर्ड इयरनंतरचा उन्हाळा परदेशी प्रयोगशाळेत: सेकंड इयरपासूनची तयारी

दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास टीईचा, म्हणजे अभियांत्रिकीच्या थर्ड इयरचा, एखादा विद्यार्थी स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहतो. "मॅडम, यंदा सुट्टीत जर्मनीला इंटर्नशिप करायचीय. अर्ज कुठे करायचा?" मुलगा हुशार असतो, मार्क चांगले असतात, घरचेही पाठवायला तयार असतात. आणि मला सांगावं लागतं की या उन्हाळ्याचे बहुतेक अर्ज गेल्या पावसाळ्यात सुरू झाले आणि दिवाळीच्या आगेमागे बंदही झाले. पुढच्या वर्षी तो बीईला, म्हणजे शेवटच्या वर्षाला असतो, कॅम्पस प्लेसमेंट चालू असते, आणि बऱ्याच योजनांच्या अटींत तो बसेनासा होतो.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. आमच्याकडून मोजकीच मुलं-मुली बाहेर जाऊन आली. ज्यांचं राहून गेलं त्यांच्यातले बरेच जण तारीख हुकल्यामुळे राहिले, आणि त्याची मला खरोखर हळहळ वाटते. म्हणून आता जे एसईला, म्हणजे सेकंड इयरला आहेत त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

इथे मी एमएसबद्दल, म्हणजे पदवीनंतरच्या परदेशी शिक्षणाबद्दल बोलत नाही. पदवीचं शिक्षण चालू असतानाच, टीई संपल्यावर, आठ ते बारा आठवडे परदेशी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जाऊन काम करायचं, त्याबद्दल बोलते आहे. एमएसचा विषय शेवटी थोडक्यात येईल.

पहिली पायरी: वर्षाचं गणित मांडा

एक वही घ्या आणि उलटं मोजा. प्रयोगशाळेत रुजू व्हायचं मे किंवा जूनमध्ये. व्हिसाची धावपळ फेब्रुवारी ते एप्रिल. निकाल डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान. अर्ज ऑगस्ट ते नोव्हेंबर. म्हणजे टीईचे वर्ग भरतात न भरतात तोच अर्ज भरायला लागतात, आणि अर्जात जे लिहायचं ते एसईमध्येच करून झालेलं असावं लागतं. परदेशातल्या तीन महिन्यांची तयारी साधारण दीड वर्षाची आहे.

आता आपल्याकडची अडचण. विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात असाल तर लेखी परीक्षा मेअखेर, कधी जूनमध्येही चालतात. स्वायत्त महाविद्यालयांचं वेळापत्रक बहुधा लवकर आटोपतं. त्यामुळे १ मेपासून येतो असं प्राध्यापकांना कळवण्याआधी मागच्या दोन वर्षांची परीक्षेची वेळापत्रकं काढून बघा. जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत येतो असं सुरुवातीलाच सांगितलं तर अनेक जण मान्य करतात. एप्रिलमध्ये तारखा बदलून मागितल्या तर मात्र पत्रं, विमा, तिकीट, सगळंच पुन्हा करावं लागतं. ऑगस्टमध्ये बीईचे वर्ग सुरू झालेले असतील, त्या हजेरीचं एचओडींशी (विभागप्रमुखांशी) आधी बोलून ठेवा आणि त्यांचा होकार लेखी घ्या.

दुसरी पायरी: आपण कुठे बसतो ते पाहा

सगळ्या योजना सगळ्यांसाठी नसतात. हे उशिरा कळलं की फार लागतं, म्हणून अर्ज भरायच्या आधी अटी वाचा.

जर्मनीची डीएएडी ही संस्था भारतीय अभियांत्रिकी आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी वाईज नावाची योजना चालवते. दरमहा विद्यावेतन, प्रवासासाठी मदत आणि आरोग्यविमा मिळतो. पण ही योजना ठरावीक संस्थांच्या विद्यार्थ्यांनाच खुली आहे. आयआयटी, एनआयटी, आयसर अशा केंद्रीय संस्थांची ती यादी असते. नागपूरच्या व्हीएनआयटीचे विद्यार्थी एनआयटी म्हणून त्यात येतात. आपलं कॉलेज यादीत आहे का, हे सगळ्यात आधी बघा. शिवाय अर्ज करताना जर्मन प्राध्यापकांचं निमंत्रणपत्र हातात असावं लागतं, म्हणजे ईमेल पाठवायला ऑगस्टमध्येच सुरुवात हवी.

कॅनडाच्या मायटॅक्स ग्लोबलिंकची पद्धत वेगळी. तिथे प्राध्यापक आधीच आपापले प्रकल्प यादीत टाकतात. तुम्ही त्यातून आपल्याला जमतील असे प्रकल्प निवडून अर्ज करायचा, आणि प्राध्यापकांना तुम्ही योग्य वाटलात तर ते ऑनलाइन मुलाखत घेतात. मुदत १२ आठवड्यांची, मे ते ऑक्टोबरच्या दरम्यान. अर्ज आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात सुरू होऊन सप्टेंबरच्या आसपास बंद होतात, म्हणजे इतर योजनांच्याही आधी. प्राध्यापक स्वतः शोधण्याचा खटाटोप यात वाचतो, म्हणून साध्या कॉलेजातल्या विद्यार्थ्याने हा अर्ज पहिला भरावा असं माझं मत आहे. प्रकल्प निवडताना नावाजलेल्या विद्यापीठांवर सगळे तुटून पडतात. लहान शहरांतल्या विद्यापीठांतले प्रकल्पही बघा, काम तितकंच चांगलं असतं.

फ्रान्सला जायचं असेल तर भारतातल्या फ्रेंच दूतावासाची शारपाक लॅब शिष्यवृत्ती आहे. १९९२ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या जॉर्ज शारपाक यांचं नाव तिला दिलं आहे. स्वित्झर्लंडच्या लोझानमधली ईपीएफएल, व्हिएन्नाजवळची इस्टा आणि जपानमधल्या ओकिनावाची ओआयएसटी या संस्थांचेही उन्हाळी किंवा काही महिन्यांचे कार्यक्रम आहेत. तिन्ही ठिकाणी विद्यार्थ्याला पैसे मिळतात आणि तिन्ही ठिकाणी स्पर्धा मोठी आहे. संशोधनापेक्षा कंपनीतलं काम हवं असेल तर आयएस्टे आहे. ही संस्था १९४८ साली लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात सुरू झाली आणि देशादेशांत विद्यार्थ्यांच्या कामाच्या जागांची अदलाबदल करते. यातही तुमचं कॉलेज सदस्य असावं लागतं.

यातलं काहीच जमण्यासारखं नसेल तर प्राध्यापकांना थेट लिहिणं हा रस्ता उरतो. तो कष्टाचा आहे, पण कुठल्याही यादीचा त्याला अडसर नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

एजंटांबद्दल एकच सांगते. वर सांगितलेल्या कोणत्याही शिष्यवृत्तीला मध्यस्थ लागत नाही. आमच्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी इंटर्नशिप नक्की करून देतो म्हणणाऱ्याला ऊस बिलाचे पैसे आले तसे नेऊन दिले. हातात आलं ते एका ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र. पैसे घेऊन प्राध्यापकांचं पत्र आणून देतो असं कोणी म्हणालं तर तिथून उठा.

तिसरी पायरी: एसईमध्येच दाखवण्यासारखं एक काम करा

चांगला सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरची मिळून सरासरी, हवाच. केटी (राहिलेला विषय) असेल तर ती आधी काढा, आणि राहिली असेल तर लपवू नका. ट्रान्सक्रिप्टमध्ये, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रकात, ती दिसतेच. पण नऊ सीजीपीए असलेले अर्जदार शेकड्यांनी असतात. त्यांच्यातून तुमचा अर्ज वर येतो तो तुम्ही स्वतः केलेल्या कामामुळे, मग ते काम छोटं का असेना.

ते काम फार मोठं असायला नको. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जोडलेली मोजमापाची मांडणी, गावच्या पाणीयोजनेच्या पंपाचा वर्षभराच्या वीजबिलांवरून केलेला अभ्यास, एखाद्या शोधनिबंधातला आलेख पायथॉनमध्ये स्वतः काढून पाहणं, यातलं काहीही चालेल. नोंदी ठेवा, फोटो काढा, कोड गिटहब या संकेतस्थळावर टाका. अंतिम वर्षाचा तयार प्रकल्प बाजारातून विकत आणायची जी वाईट सवय आपल्याकडे लागली आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नाला ते उघडं पडतं.

एसईनंतरच्या सुट्टीत जमलं तर देशातच एक इंटर्नशिप करा. भारतातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. आयआयटी आणि आयसरमधले प्राध्यापकही विद्यार्थी घेतात. तिथल्या दोन महिन्यांत प्रयोगशाळेची शिस्त कळते आणि तुमचं काम जवळून पाहिलेल्या माणसाचं शिफारसपत्र मिळतं.

शिफारसपत्राबद्दल एक शिक्षिका म्हणून सांगते. "मॅडम, मीच लिहून आणतो, तुम्ही फक्त सही करा," असं म्हणू नका. त्याऐवजी एक पान भरून मुद्दे आणून द्या: माझ्या तासाला तुम्ही काय केलं, कुठे अडलात, त्यातून कसे बाहेर पडलात. त्यावरून लिहिलेल्या पत्रात तुम्ही दिसता. आणि शेवटच्या तारखेच्या तीन आठवडे तरी आधी या.

चौथी पायरी: प्राध्यापकांना ईमेल

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, विद्यार्थ्यांनीही घालवावा.

जतकडचा एक मेकॅनिकलचा मुलगा माझ्याकडे आला तेव्हा त्याने साठ ईमेल पाठवले होते आणि एकालाही उत्तर नव्हतं. मजकूर साधारण असा होता: "रिस्पेक्टेड सर, मी अमुक कॉलेजात तिसऱ्या वर्षाला शिकतो. तुमच्या नामांकित विद्यापीठातल्या तुमच्या महान संशोधनाने मी अतिशय प्रभावित झालो आहे. तुमच्या मार्गदर्शनाखाली कोणत्याही विषयावर काम करायला मला आवडेल." साठही जणांना हाच मजकूर, नावंसुद्धा न बदलता. त्यातले दोघे तर एकाच विभागात शेजारी शेजारी बसणारे निघाले.

हे वाचणाऱ्या प्राध्यापकांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. असे ईमेल त्यांना रोज येतात. "रिस्पेक्टेड सर" वाचूनच पत्र घाऊक पाठवलेलं आहे हे कळतं, आणि समोर बाई असतील तर आणखीच वाईट. "कोणत्याही विषयावर" म्हणजे काम शोधायचा भार पुन्हा त्यांच्याच डोक्यावर.

आम्ही बसलो आणि त्याने काय काय केलं आहे ते कागदावर मांडलं. त्याने १८६५० जातीच्या सोळा लिथियम-आयन सेलचा, चार बाय चारचा पॅक बांधला होता. त्यावर थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) लावून चार्जिंग-डिस्चार्जिंगच्या वेळचं तापमान नोंदवलं होतं. हे त्याच्या साठ ईमेलमध्ये एका ओळीतही नव्हतं. मग बॅटरीच्या उष्णतेवर काम करणारे आठ गट शोधले, प्रत्येकाचा एक ताजा लेख वाचला. त्यातला पहिला लेख पूर्ण समजायला आम्हाला चार संध्याकाळी लागल्या. नंतरचं पत्र असं झालं (पाठवलं अर्थात इंग्रजीत):

"प्रोफेसर डॉक्टर अमुक, सेलच्या तापमानावरचा तुमच्या गटाचा लेख मी वाचला. त्यात तापमान एकट्या सेलच्या पृष्ठभागावर मोजलं आहे. मी सोळा सेलच्या पॅकवर असंच मोजलं, तेव्हा मधल्या चार सेलचं तापमान कडेच्या सेलपेक्षा सतत जास्त राहिलं. आलेख जोडला आहे. तुमच्या मॉडेलमध्ये शेजारच्या सेलकडून येणारी उष्णता धरता येईल का? जूनच्या मध्यापासून दहा आठवडे या प्रश्नावर तुमच्या गटात काम करायची माझी इच्छा आहे. एका पानाचा सीव्ही आणि ट्रान्सक्रिप्ट सोबत आहे."

बस, एवढंच. आठ ईमेल गेले, तीन उत्तरं आली. एकात नकार होता. एकाने निधी नाही म्हणून कळवलं. तिसरं उत्तर प्राध्यापकांचं नव्हतंच. त्यांच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याने लिहिलं होतं की आमच्याकडे जागा नाही, पण पलीकडच्या विभागात याच विषयावर एक गट आहे, त्यांना मी तुझा आलेख पाठवला आहे. शेवटी तो त्या गटात गेला.

काही बारीकसारीक गोष्टी. विषयाच्या ओळीत प्रश्नाचा विषय आणि महिने लिहा. जर्मनीत पदव्या पूर्ण लिहून आडनावाने संबोधायची रीत आहे, ती पाळा. कॉलेजचा ईमेल पत्ता असेल तर तोच वापरा. सीजीपीए चारच्या मोजपट्टीत स्वतःहून बदलून लिहू नका, दहापैकी किती ते लिहा. ईमेल त्यांच्या सकाळी पोहोचू द्या. जर्मनीचं घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असतं. उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी एकदाच आठवण करा आणि मग पुढच्याकडे वळा. ऑगस्टमध्ये तिकडे बरेच लोक रजेवर असतात, म्हणून सप्टेंबरमधली आठवण बऱ्याचदा कामी येते.

बिनपगारी जागा मिळाली तर काय? युरोपात राहण्या-जेवण्याचा खर्च महिन्याला ढोबळमानाने हजार युरोच्या आसपास धरा, विमानभाडं वेगळं. घरच्यांना सहज झेपत असेल तर जा. कर्ज काढून किंवा आईचे दागिने ठेवून दोन महिन्यांच्या बिनपगारी इंटर्नशिपला जाऊ नये, हे मी प्रत्येकाला स्पष्ट सांगते. तेवढ्याच तोडीचं काम पुण्यात, मुंबईत किंवा बंगळुरूला मिळू शकतं.

पाचवी पायरी: पासपोर्ट आणि नावाचा घोळ

पासपोर्ट एसईमध्येच काढा. ३६ पानांच्या साध्या पासपोर्टचं शुल्क १,५०० रुपये आहे. तत्काळसाठी आणखी २,००० भरावे लागतात, ते वाचवा. पोलीस पडताळणीच्या वेळी अर्जातल्या पत्त्यावर कोणीतरी असावं लागतं, म्हणून हॉस्टेलचा पत्ता द्यायचा की गावचा, हे आधी ठरवा.

खरा घोळ नावाचा असतो. आपल्या दहावीच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टमध्ये मात्र दोनच रकाने: दिलेलं नाव आणि आडनाव. दिलेल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं असं दोन्ही गेलं, तर तेच तुमचं सगळीकडचं नाव झालं. मग शिष्यवृत्तीचा अर्ज, निमंत्रणपत्र, विमा, विमानाचं तिकीट, सगळं पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. आधारवर स्पेलिंग वेगळं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. निमंत्रणपत्र मागताना प्राध्यापकांना पासपोर्टच्या पानाची प्रत पाठवलीत तर नाव चुकायची भीती उरत नाही.

सहावी पायरी: व्हिसा, आणि नव्वद दिवसांचा हिशेब

शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, अल्प मुदतीच्या व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. आता १ मे ते ३१ जुलै मोजा: ३१, ३० आणि ३१, म्हणजे ९२ दिवस. पत्रात सरळ तीन महिने लिहून आलं की तुम्ही दीर्घ मुदतीच्या व्हिसात गेलात. त्याची कागदपत्रं वेगळी, वेळही जास्त. पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवसही या नव्वदात मोजला जातो. म्हणून काम ८० ते ८५ दिवसांचं ठेवा आणि पत्र येण्याआधीच तारखा कळवा. त्याच पत्रात कामाचं स्वरूप आणि पैसे मिळणार असतील तर किती, हे नीट लिहून घ्या. व्हिसाचा प्रकार त्यावरही ठरतो.

अल्प मुदतीच्या व्हिसाचं शुल्क मोठ्यांना ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवासी आरोग्यविमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या मुंबई-पुण्याच्या व्हीएफएस केंद्रांत एप्रिल-मेमध्ये पर्यटकांची गर्दी असते आणि वेळ मिळता मिळत नाही, म्हणून निवड झाल्याचं कळताच तारीख घ्या. सोबत बोनाफाईड, कॉलेजचं एनओसी (ना हरकत पत्र), पालकांचं बँक स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्रं. वडील शेतकरी असतील आणि विवरणपत्र भरत नसतील, तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि सातबारा इंग्रजी भाषांतरासह जोडा आणि शिष्यवृत्तीचं पत्र सगळ्यात वर ठेवा.

सातवी पायरी: तिथे गेल्यावर

खोली मिळवणं हे जर्मनीत सगळ्यात कठीण. मे ते जुलै तिथली उन्हाळी सेमिस्टर चालू असते, त्यामुळे वसतिगृहं भरलेली असतात. निमंत्रण आल्या आल्या गटातल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला विचारा. कोणी बाहेरगावी जाणार असेल तर त्याची खोली दोन महिन्यांसाठी मिळते. खोली न पाहता अनोळखी माणसाला आगाऊ पैसे पाठवू नका.

स्थानिक गाड्या, बस आणि ट्रामसाठी देशभर चालणारं एक मासिक तिकीट आहे, डॉइचलँड तिकीट. २०२३ मध्ये ते ४९ युरोंना सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं आणि २०२६ पासून ६३. ते दरमहा आपोआप नव्याने सुरू होतं. ज्या महिन्यात परतणार त्याच्या १० तारखेपर्यंत ते रद्द करायचं, नाहीतर पुढच्या महिन्याचेही पैसे खात्यातून जातात.

बॅगेत भाजणी, मेतकूट, कोरड्या चटण्या, डाळी न्या. तूप, पेढे, खव्याचं काही नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला आणता येत नाहीत. आजीने दिलेली साजूक तुपाची बरणी विमानतळावर टाकून द्यावी लागणं फार जिवाला लागतं. रविवारी तिथली दुकानं बंद असतात, किराणा शनिवारीच आणून ठेवा.

प्रयोगशाळेत इंग्रजी चालतं. तरीही पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्स म्युलर भवनात जर्मनचा पहिला टप्पा करून गेलात तर बेकरीपासून बसपर्यंत सगळं सोपं होतं.

कामात एक गोष्ट आपल्या मुलांना जड जाते. न समजलेल्या गोष्टीलाही आपण मान डोलावतो, कारण शिक्षकांना पुन्हा विचारणं आपल्याला उद्धट वाटतं. तिथे पहिल्याच दिवशी "हे मला कळलं नाही" म्हटलं तर कोणी वाईट मानत नाही. आठवडाभराने चुकीचं काम समोर ठेवलं तर मात्र त्यांना वाईट वाटतं. रोजच्या नोंदी तारखेसह वहीत लिहा आणि शुक्रवारी पाच ओळींचा आढावा स्वतःहून पाठवा.

परतताना आणि नंतर

शेवटच्या आठवड्यात गटासमोर वीस मिनिटांचं सादरीकरण मागून घ्या. प्रमाणपत्रावर तारखा, कामाचा विषय आणि सही-शिक्का आहे ना ते तिथेच तपासा. शिफारसपत्र द्याल का, हेही समोरासमोर विचारून या. डिसेंबरमध्ये सांगलीहून ईमेल करून विचारण्यापेक्षा ते बरं.

ज्यांना पुढे जर्मनीत एमएस करायचं आहे त्यांनी बीईच्या पहिल्या सेमिस्टरपासूनच एपीएस प्रमाणपत्राच्या, म्हणजे इथली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणाऱ्या दाखल्याच्या, मागे लागावं. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना विद्यार्थी व्हिसासाठी ते आवश्यक आहे. शिष्यवृत्ती नसेल तर वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात) दाखवावे लागतात. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नाही. पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांना यापेक्षा बरंच जास्त शुल्क लावलं आहे. शिकताना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. आर्थिक मदतीसाठी मुंबईची जे. एन. टाटा एंडाउमेंट ही १८९२ पासूनची संस्था कर्ज-शिष्यवृत्ती देते, आणि अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे.

तुम्ही आज एसईला असाल तर या आठवड्यात दोन कामं करा: पासपोर्टचा अर्ज भरा, आणि तुमच्या विभागातल्या ज्या शिक्षकांच्या प्रयोगशाळेत संध्याकाळी दिवा जळत असतो त्यांना जाऊन विचारा की मला काही मोजायला द्याल का.